डुल्से मुकी नाही

सांता मारिया
९ मार्च, रविवार

प्रिय लिझबेथ,

देवाच्या दयेने तू खुशाल असशील आणि दोन वेळा काहीतरी गरम खात असशील, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय, पण शीतगृहातलं काम सोडा म्हटलं की तो माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झाला. तुझ्या भावाने केस हिरवे करून घेतलेत. मी काही बोलले नाही, तुझ्या बाबांनी माझ्या वाटणीचंही बोलून घेतलं.

मी कपडे धुवायच्या दुकानात बसून लिहितेय. दोन यंत्रं लावलीत, ती थांबेपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही. फोन का केला नाहीस, असं विचारशील. केला होता, तीनदा. तिसऱ्यांदा तू उचललास आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "आई, क्लासला चाललेय, नंतर बोलू हं." ते नंतर काही आलं नाही. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. तुला हाताने लिहिलेल्या वस्तूंचं भारी कौतुक आहे.

फोटो मिळाला. कॉलेजच्या मोठ्या फलकावर लावलाय म्हणे. तू त्या जांभळ्या टी-शर्टात गुडघ्यांवर बसलेली, दात दाखवून हसणारी, आणि शेजारी डुल्से, मान खाली. वर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय, ते तूच मला स्पॅनिशमध्ये करून पाठवलंस: 'ज्यांना आवाज नाही, त्यांचा आवाज.' खाली तीन लाल बदाम. एप्रिलमध्ये तुला सेवेचं पदक मिळणार आणि आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या.

फोटो फोनवर आला तेव्हा मी कामावर, शाळेच्या जेवणघरात घेवडा ढवळत होते. डाव हातातून सुटून पातेल्यात पडला. आनंदाने नाही गं. माझं डोकं असं फिरलं की बरोबरच्या बाईने गॅस बंद केला आणि विचारलं, "कोण गेलं?"

कुणाला आवाज नाही? डुल्सेला? ती सहा वर्षांची पोर शाळेच्या वाचनालयात तुमच्यासमोर मुकी झाली, पण मी तिला रोज जेवणघराच्या खिडकीतून ऐकायचे. ती आणि तिची चुलत बहीण भिंतीला टेकून बसायच्या आणि जी बडबड चालायची की विचारू नकोस. एकदा ती सांगत होती की आजोबांच्या टोपीत मधमाशी शिरली आणि आजोबांनी टोपीचीच माफी मागितली. मला हसू आवरेना, हातातले ट्रे सांडता सांडता वाचले. तुमच्यापैकी एखादी जरी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली असती! पण तुम्हाला भिंतीपाशी काय मिळणार? तुमचे सेवेचे तास वाचनालयात भरायचे होते.

खरं सांगू? दर मंगळवारी कॉलेजातून आमच्या शाळेत सेवेला येणारा तुमचा तो घोळका मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. अकरा पोरं मोठ्या गाडीतून उतरायची, सगळ्यांना एकदम मिठ्या मारायची. ती तुझी मैत्रीण ॲबी, चांगल्या मनाची आहे, नाही म्हणत नाही, पण शेतातून थेट मुलांना न्यायला आलेल्या, कंबर मोडलेल्या बायकांच्या गालाचे मुके घेऊन "मैत्रिणींनो, आज काय विशेष?" असं विचारते. विशेष काय असणार? पाठ दुखतेय, हे विशेष. आणि तू मला हाताला धरून ओढत बाहेर आणलंस, "ही माझी आई! पुएब्लाची! हिच्या हातचा मोले खाल्ला नाहीत तर तुम्ही काय खाल्लंत!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डोक्याला जाळी, हाताला प्लास्टिकचे मोजे, अशी उभी. टाळ्या कशाच्या होत्या? मी मेक्सिकोतल्या पुएब्लाची आहे म्हणून? का मी ताटं वाढते म्हणून?

तू आनंदात होतीस, म्हणून मीही हसले. चूक केली.

आता तुमच्या त्या परीक्षेचं. गाय, छत्री, चमचा अशी चित्रं तू डुल्सेसमोर एकेक करून ठेवलीस. हे काय आहे? आधी स्पॅनिशमध्ये विचारलंस, मग इंग्रजीत. तिने मान खाली घातली आणि आईला शोधत दाराकडे पाहिलं. तू तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलंस, 'उत्तर देत नाही. नजर मिळवत नाही.' आमच्याकडे लहान मूल मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून फाडफाड उत्तर देत नाही, लिझबेथ. देतं त्याला लोक उर्मट म्हणतात, आणि त्याच्या आईचा उद्धार करतात. मान खाली घालायची, आईकडे वळायचं, काय ते आई सांगेल. डुल्सेला तिच्या आईने उत्तम वळण लावलंय आणि तुम्ही त्या वळणाला रोग ठरवलंत.

मग त्या कागदावरून जानेवारीतली ती बैठक. सरकारी दुभाषी आला नाही. ऑफिसातली बाई म्हणाली, "कॉलेजची मुलं आहेत ना, त्यांना स्पॅनिश येतं." आणि तू उठलीस. विचार न करता उठलीस, जशी लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसायला सगळ्यात आधी पळायचीस. वर मलाही बोलावलंस, "आई, तू पण ये, त्या बाईंना जरा धीर येईल." म्हणून मी तिथे होते. डुल्सेची आई नातिविदाद शेतातून आली होती, बुटांना चिखल, तोंडावरचा रुमाल गळ्यात ओढलेला. मुख्याध्यापक बोलायचे, जिल्ह्याकडून आलेली ती तज्ज्ञ बाई बोलायची, तू स्पॅनिशमध्ये सांगायचीस, आणि नातिविदाद म्हणायची, "हो." मुलीला वेगळ्या वर्गात घालायचं? हो. तो वर्ग दुसऱ्या शाळेत आहे? हो. छोटी बस घराजवळच्या कोपऱ्यावर सोडेल, तिथे कुणीतरी थांबायला हवं? हो. काही शंका आहेत का?

हो.

आणि गप्प. जगातल्या कुठल्या भाषेत माणूस 'शंका आहे का' याला 'हो' म्हणून गप्प बसतो? तू विद्यापीठात शिकतेस. ती स्पॅनिश बोलत नव्हती, ती तुमची मर्जी राखत होती. समोर टेबलापलीकडे चार मोठी माणसं बसली असताना ती दुसरं काय म्हणणार होती? मग तिने सही केली, पेन मुठीत धरून, आणि तुमच्या घोळक्याने तिला मिठ्या मारल्या.

त्या वेगळ्या वर्गातली मुलंही देवाचीच, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. त्यांना त्या वर्गाची गरज आहे. डुल्सेला नाही. तिथे तिच्याशी बोलायला तिची बहीण नाही, भिंत नाही, कुणी नाही. या मुलीला इथे जे काही शिकायचं आहे ते सगळं तुम्ही एका कागदाने बंद करून टाकलंत आणि त्याचं तुला पदक मिळतंय.

यंत्रं थांबली. एक बाई माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिलीय. बाकीचं उद्या.


१० मार्च, सोमवार

शाळेच्या आवारात गाडीत बसून लिहितेय, मधली सुट्टी आहे. कालचं वाचून पाहिलं. लिहिलंय त्यातलं काही मागे घेत नाही. पण ते वाचणाऱ्याला वाटेल की सगळं तूच केलंस. काल कपड्यांचं निमित्त झालं. ती बाई उभी राहिली नसती तरी मी तिथेच थांबले असते, हे तुला आता सांगते.

तू विचारलं होतंस.

तिसऱ्या का चौथ्या 'हो'नंतर तू पेन खाली ठेवलंस, माझ्याकडे झुकलीस आणि कानात म्हणालीस, "आई, यांना खरंच समजतंय का? मला काहीतरी गडबड वाटतेय." सगळ्या खोलीत तुला एकटीला ते वाटलं. आणि मी म्हणाले, "समजतंय गं. लाजतेय ती. गावाकडच्या बायका अशाच असतात. तू चालू ठेव."

तू चालू ठेवलंस. आईने सांगितलं म्हटल्यावर कोण थांबेल?

मला पहिल्या 'हो'ला कळलं होतं. ती आत येऊन बसली, खुर्चीच्या कडेवर, आणि बरोबर आणलेल्या डुल्सेला हळूच म्हणाली, "पाय हलवू नकोस." ते तुम्ही कुणी ऐकलं नाही, ऐकलं असतं तरी उपयोग नव्हता. ते मिस्तेकोमध्ये होतं. ते मला कळलं, कारण माझी आई मला हेच असंच म्हणायची. मी पुएब्लाची नाही, लिझबेथ. मी पुएब्ला बसच्या खिडकीतून पाहिलंय, तेवढंच. मी वाहाकाच्या डोंगरातली आहे, आणि चौदा वर्षांची होईपर्यंत मला मिस्तेकोशिवाय एक अक्षर येत नव्हतं. आमचे लोक तिला पावसाची बोली म्हणतात. डुल्से भिंतीपाशी तीच बोलायची. मधमाशीची गोष्ट मला कशी कळली, हे तुझ्या डोक्यात आलं असेलच.

का लपवलं? मी सोळाव्या वर्षी इथल्या शेतात आले तेव्हा स्पॅनिश तोडकंमोडकं होतं. आपल्याच मेक्सिकोची माणसं, गोरी नव्हेत, आपलीच, मला दिवसभर 'वाहाकिता' म्हणून चिडवायची. "ए वाहाकिता, तुमच्याकडे चपला असतात का?" "ए वाहाकिता, जरा चिवचिवून दाखव." मी दिवसभर पिकाच्या ओळीवर वाकून रडायचे आणि कुणी विचारलं तर डोळ्यांत फवारणीचं औषध गेलं म्हणायचे. मग तुझे बाबा भेटले. ते चांगले होते, चिडवायचे नाहीत. पण झाकातेकासहून तुझी आजी आली, तू चार महिन्यांची होतीस, मी तुला मांडीवर घेऊन गात होते, आणि ती दारात उभी राहून म्हणाली, "एवेरार्दो, या घरात ही चिवचिव नको. पोरीच्या कानावर पडली तर तिची जीभ वाकडी होईल." तुझे बाबा म्हणाले, "म्हातारीचं मनावर घेऊ नकोस." आणि दुसऱ्या दिवसापासून चारचौघांत स्वतःच सांगायला लागले, बायको पुएब्लाची. त्यांना वाटलं, माझ्यावर उपकारच केले. मलाही तसंच वाटलं, हे जास्त वाईट.

त्यानंतर मी तुला गाऊन झोपवलं नाही. तू विचारायचीस, बाकीच्यांच्या आया गातात, तू का नाही गात? मी म्हणायचे, माझा गळा बेसूर आहे. तो बेसूर नव्हता. त्या म्हातारीचा मला आज इतक्या वर्षांनी राग येतोय, आणि ती कबरीत आहे, तिला काय बोलणार? म्हणून काल तुला बोलले. आणि राग तुझ्यावरही आहेच. तो कमी झाला असं समजू नकोस.

त्या दिवशी टेबलाशी मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? मुख्याध्यापकांनी पाहिलं असतं, तुझ्या मैत्रिणींनी पाहिलं असतं. पुढच्या मंगळवारी तू मला पुन्हा ओढत बाहेर आणलं असतंस, "ही माझी आई! खरी मिस्तेको! बोलून दाखव ना आई!" आणि टाळ्या. ती भीती होती. दुसरी त्याहून मोठी होती. तू तसं काहीच करणार नाहीस, नुसती बघत राहशील, आणि तुझ्या चेहऱ्यावर मला त्या म्हातारीचा चेहरा दिसेल. म्हणून मी एका परक्या पोरीला दिलं सोडून. ती परकीही नाही. तिचं गाव आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर आहे. तिच्या बोलण्याच्या हेलावरून मला कळलं.

आता मागच्या बुधवारचं ऐक. त्यानंतरच मी तुला ते फोन केले होते.

अडीच वाजता नातिविदाद आमच्या शाळेच्या फाटकात उभी. रोज कोपऱ्यावर थांबणाऱ्या तिच्या वहिनीला कामावर उशीर होणार होता, म्हणून पोरीला न्यायला ती स्वतः आली होती. पण तिच्या हिशेबी पोर अजून याच शाळेत होती. छोट्या बसने घेऊन जातात हे तिला माहीत होतं, त्या बसने कुठे नेतात हे नाही. तिकडे कोपऱ्यावर कुणी नाही म्हटल्यावर चालकाने नियमाप्रमाणे डुल्सेला परत त्या दुसऱ्या शाळेत नेऊन बसवलं. पोर सुखरूप होती. फक्त तिच्या आईला ते सांगता येणारं कुणी नव्हतं. नातिविदाद ऑफिसात शिरली. तिथली बाई तिला तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगतेय, मुलगी दुसऱ्या शाळेत आहे, शांत व्हा, शांत व्हा, दर वेळी आणखी मोठ्याने. आणि नातिविदाद ओरडतेय. जेवणघरापर्यंत ऐकू येत होतं. "माझी पोर कुठं नेलीत? माझी पोर कुणाला दिलीत?" सगळ्यांना तो नुसता आक्रोश वाटत होता. मला एकेक शब्द कळत होता.

मी जाळी आणि मोज्यांसकट ऑफिसात गेले. तिथे, सगळ्यांसमोर, आमच्या बोलीत म्हणाले, "पोर सुखरूप आहे. दुसऱ्या शाळेत बसलीय. चल, माझी गाडी आहे, मी नेते."

ती एकदम थांबली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुला येत होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी माझ्या शेजारीच बसली होतीस."

"हो."

"मी त्यांच्याकडं बघतच नव्हते. तुझ्याकडं बघत होते. तुझं तोंड बघून म्हटलं, ही आपल्या भागातली दिसते, काही वावगं असतं तर ही बोलली असती. तू मान हलवायचीस, म्हणून मी हो म्हणायचे."

मी मान हलवत होते, लिझबेथ. मला आठवतच नाही. पण ती खोटं कशाला सांगेल?

गाडीत तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. डुल्सेला घेतलं, मागे बसवलं, आणि ती मुकी पोर घर येईपर्यंत थांबली नाही. बसच्या काकांच्या मिशा, कुणाच्या बुटांतले दिवे, तिकडच्या ऑफिसातल्या बाईने दिलेलं कसलं तरी आंबट बिस्किट, सगळं आईला सांगितलं. मग मला विचारलं, "तू आमच्यासारखं बोलतेस, तर मग जेवताना का बोलत नव्हतीस?" मी म्हणाले, जेवणघरात फार गोंगाट असतो. सहा वर्षांच्या पोरीशीही खोटं बोलले. सवय सुटत नाही.

घरी तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता इतक्या वर्षांनी कशाला?" मी म्हणाले, "तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवा." त्यांनी टीव्ही बंद केला. ते तेवढं करू शकतात, तेवढं त्यांनी केलं.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाईच्या मोडक्या स्पॅनिशच्या भरवशावर मुख्याध्यापकांकडे गेले. नवी बैठक शुक्रवारी, १४ तारखेला, दुपारी तीन वाजता आहे. तिथे ठरेल, डुल्से परत इथे येणार की वर्ष संपेपर्यंत तिकडेच राहणार. जिल्ह्याकडे मिस्तेकोचा दुभाषी नाही, मागवला तर मे महिन्यात मिळेल म्हणे. मे महिन्यात शाळाच संपते. मी म्हणाले, मी सांगेन. ते म्हणाले, तुम्हाला इंग्रजी येतं? मला इंग्रजीत 'दूध', 'पुढचा' आणि 'पळू नका' एवढंच येतं.

म्हणून तू ये. नातिविदाद बोलेल ते मी स्पॅनिशमध्ये सांगेन, माझं तू इंग्रजीत सांगशील. त्यांचं याच वाटेने उलट येईल. तुझं स्पॅनिश चांगलं आहे, ते नाकारत नाही. फक्त जांभळा टी-शर्ट घालून येऊ नकोस, मैत्रिणींना आणू नकोस. तो फोटो त्या फलकावरून काढायला सांग. पोरीच्या आईला कुणी विचारलं नव्हतं, विचारलं असतं तर ती 'हो'च म्हणाली असती. पदकाचं तुझं तू बघ. तुझी परीक्षा असेल, क्लास असेल, काय असेल ते असो. तू नाही आलीस तर मी जेवणघरातल्या भाषेत इंग्रजी बोलेन आणि ते डुल्सेला ठेवून घेतील.

तू मला पहिल्यांदा माझ्या बोलीत बोलताना ऐकशील. रडू नकोस, मिठी मारू नकोस, आणि कौतुक तर अजिबात करू नकोस. ती वेळ आपली नाही, नातिविदादची आहे. तिने अजून मला क्षमा केलेली नाही आणि मी मागितलेली नाही. कामात काम नको.

बैठक सुरू झाली की सगळ्यात आधी मी बोलणार आहे. मी सांगणार आहे की या बाईला त्या दिवशी काहीही समजलं नव्हतं, आणि माझ्या मुलीने मला विचारलं तेव्हा हे माहीत असून मी खोटं बोलले. ते तुला इंग्रजीत सांगावं लागेल, मुख्याध्यापकांच्या तोंडावर, तुझ्या तोंडाने. मी तुला चांगली ओळखते. तू मला वाचवायला बघशील. 'आईचा गैरसमज झाला' म्हणशील, 'आई घाबरली होती' म्हणशील. तसं करू नकोस. 'खोटं बोलले' असंच सांग.

तुझी आई,
युफेमिया
गाव सान आंद्रेस युकुनदा, वाहाका